मतपेटी आणि बाजारपेठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं, माझ्या संध्याकाळच्या वर्गातले निवृत्त लोक आणि कोथरूडच्या आमच्या सोसायटीतले शेजारी यांच्याकडून राजकारणाकडे अर्थशास्त्राच्या नजरेने पाहण्याबद्दलचे हे प्रश्न मला सतत येत असतात. निवडणूक जवळ आली की जास्तच. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल असं लिहिलं आहे. एक प्रश्न दुसऱ्यात शिरतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. अर्थशास्त्रज्ञ राजकारणाला बाजार म्हणतात, म्हणजे ते मतांच्या खरेदी-विक्रीबद्दल बोलतात का?

नाही. पैसे घेऊन मत देणं हा वेगळा विषय आहे, तो प्रश्न ७ मध्ये येईल. इथे बाजार म्हणजे स्पर्धेची एक रचना. मंडईतली भाजीवाली तुमच्या-माझ्या पोटाच्या काळजीने पहाटे उठत नाही, स्वतःच्या पोटासाठी उठते; तरी आपल्याला ताजी मेथी मिळते. १९४२ साली अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पीटर यांनी लोकशाहीकडे याच नजरेने पाहिलं. त्यांच्या मते, मतांसाठी स्पर्धा करून काही माणसांनी निर्णय घेण्याचा अधिकार मिळवायचा, ही पद्धत म्हणजे लोकशाही. त्यांनी सत्ता आतून पाहिली होती. १९१९ मध्ये ते काही महिने ऑस्ट्रियाचे अर्थमंत्री होते. पुढे १९५७ मध्ये अँथनी डाउन्स यांनी यातून अख्खा सिद्धांत उभा केला. पक्ष धोरणं मांडतात ती निवडणूक जिंकण्यासाठी, हे त्यांचं गृहीतक. मुलांना ते ऐकून वाईट वाटतं. मी त्यांना सांगते की हे गृहीतक आहे, नेत्यांच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. नेता भला असो वा स्वार्थी, स्पर्धा त्याच्याकडून काय करून घेते, एवढंच पाहायचं आहे.

२. मग यात चलन कोणतं, माल कोणता आणि गिऱ्हाईक कोण?

वरवर पाहिलं तर मत हे चलन, धोरणं आणि आश्वासनं हा माल, पक्ष ही दुकानं आणि मतदार हे गिऱ्हाईक. पण ही शिवण लवकरच उसवते, आणि माझ्या मते जिथे उसवते तिथेच शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

पैसा कुणाकडे कमी असतो, कुणाकडे जास्त. मत मात्र बंगल्यात राहणाऱ्याला एक आणि त्याच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईंनाही एकच. पैसा साठवून हव्या त्या गोष्टीवर जास्त खर्च करता येतो. मत साठवता येत नाही, आणि एखादा प्रश्न तुमच्या जिवाशी आलेला असला तरी त्याचं वजन वाढत नाही. मंडईत तुम्ही मेथी घेऊन गवार सोडू शकता. निवडणुकीत अख्खं गाठोडं उचलावं लागतं: उमेदवाराचं पाण्याबद्दलचं म्हणणं पटतं, रस्त्यांबद्दलचं पटत नाही, तरी बटण एकच.

सर्वांत मोठा फरक मात्र असा. मी न पाहता नासका आंबा घेतला तर माझे पैसे जातात. मी न पाहता मत दिलं तर त्याची किंमत सगळा प्रभाग मोजतो. आणि मी महिनाभर अभ्यास करून मत दिलं, तर त्याचा फायदाही सगळ्यांत वाटला जातो, माझ्या वाट्याला कणभर येतो. या पानावरची निम्मी उत्तरं याच फरकातून निघतात.

३. निवडणूक आली की सगळे पक्ष सारखंच का बोलायला लागतात?

समजा जंगली महाराज रस्त्यावर चहाच्या दोनच टपऱ्या आहेत, एक डेक्कनच्या टोकाला आणि दुसरी शिवाजीनगरच्या. चहा सारखा, भाव सारखा, म्हणून माणूस जवळच्या टपरीवर जातो. डेक्कनवाल्याने टपरी थोडी मध्याकडे सरकवली, तर त्याची आधीची गिऱ्हाइकं तुटत नाहीत आणि पलीकडची काही मिळतात. दुसराही तेच करतो. शेवटी दोघं रस्त्याच्या मधोमध शेजारी-शेजारी. हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ मध्ये हे दुकानांबद्दल मांडलं आणि हेच पक्षांनाही लागू पडतं, असं त्याच लेखात सुचवलं. १९४८ मध्ये डंकन ब्लॅक यांनी त्याला गणिताची बैठक दिली: मतदार एका रेषेत उभे केले, तर बरोब्बर मधला मतदार ज्या बाजूला जाईल ती बाजू जिंकते.

२०२४ ची विधानसभा आठवा. सत्ताधारी आघाडीने ‘लाडकी बहीण’चे १५०० रुपये सुरू केले आणि २१०० चं आश्वासन दिलं, विरोधी आघाडीने ३००० देऊ म्हटलं. योजना हवी की नको, हा वादच उरला नाही, उरला तो आकडा. दोन्ही टपऱ्या शेजारी आल्या होत्या.

मात्र यासाठी लढत दुरंगी हवी, वाद एकाच रेषेवर मांडता यायला हवा आणि टोकाची माणसं रुसून घरी बसायला नकोत. तीन-चार उमेदवार असले, किंवा पाणी, आरक्षण आणि अस्मिता असे प्रश्न एकदम आले, की मध्य म्हणजे नेमकं कुठे तेच सांगता येत नाही. तो गोंधळ पुढच्या प्रश्नात.

४. बहुमताने ठरलं म्हणजे लोकांना तेच हवं होतं, असं म्हणता येतं ना?

नेहमी नाही. आमच्या सोसायटीचंच उदाहरण घेते, कारण हे पटवायला त्याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. निधी एकाच कामापुरता होता आणि कामं तीन: लिफ्ट बदलणं, सोलर बसवणं, इमारतीला रंग देणं. साधारण सारख्या संख्येचे तीन गट पडले. पहिल्याचा पसंतीक्रम लिफ्ट, सोलर, रंग. दुसऱ्याचा सोलर, रंग, लिफ्ट. तिसऱ्याचा रंग, लिफ्ट, सोलर.

आता दोन-दोन कामांवर हात वर करा. लिफ्ट की सोलर? पहिला आणि तिसरा गट लिफ्टच्या बाजूने, लिफ्ट जिंकली. सोलर की रंग? पहिला आणि दुसरा सोलरच्या बाजूने. मग लिफ्ट सोलरपेक्षा सरस आणि सोलर रंगापेक्षा सरस, म्हणजे लिफ्ट रंगापेक्षा सरस असायला हवी. पण लिफ्ट की रंग असं विचारलं, तर दुसरा आणि तिसरा गट रंगाच्या बाजूने उभा राहतो. चक्र पूर्ण! कुणीही लबाडी केलेली नाही, प्रत्येकाची पसंती सरळ आहे, तरी ‘सोसायटीची पसंती’ अशी वस्तूच सापडत नाही.

फ्रान्समधल्या कोंदोर्से यांनी १७८५ मध्ये हे दाखवलं होतं. १९५१ मध्ये केनेथ ॲरो यांनी त्याहून मोठी गोष्ट सिद्ध केली: तीन किंवा अधिक पर्याय असताना, साध्या आणि वाजवी वाटणाऱ्या काही अटी एकदम पाळून लोकांच्या पसंतीक्रमांतून समाजाचा सुसंगत पसंतीक्रम काढणारी पद्धत असूच शकत नाही. त्यांना १९७२ चं नोबेल मिळालं.

व्यवहारात याचा अर्थ असा की विषयपत्रिका कोण लिहितं, याला फार महत्त्व येतं. आमच्या सभेत आधी सोलर की रंग हे ठरवून जिंकलेलं काम लिफ्टसमोर उभं केलं असतं, तर लिफ्ट आली असती. आधी लिफ्ट की सोलर विचारलं असतं, तर शेवटी रंग. म्हणून सभेची नोटीस हातात पडली की विषयांचा क्रम नीट वाचा.

५. मतदार अडाणी आहेत म्हणून असं होतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो विचारणारे बहुतेक शिकलेले असतात. डाउन्स यांचं उत्तर मला आजही थांबवतं: माहिती न मिळवणं हा शहाण्या माणसाचाही हिशोबी निर्णय असू शकतो. मी फ्रीज घेताना लक्ष्मी रस्त्यावरची तीन दुकानं पालथी घातली, विजेचा खर्च तपासला, शेजारणींना विचारलं, कारण चुकले असते तर दहा वर्षं मीच भोगलं असतं. महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते. चार गटांत चार मतं द्यायची. मला त्यांतल्या एका उमेदवाराची धड माहिती होती, उरलेल्या तीन गटांत मी चिन्ह पाहून बटण दाबलं. एरवी मी अर्थशास्त्र शिकवते.

माहिती मिळवायला वेळ लागतो आणि लाखांमधलं माझं एक मत निकाल फिरवण्याची शक्यता नगण्य असते. प्रश्न २ मधला फरक इथे कामाला लागतो: मेहनत माझी एकटीची, फळ सगळ्यांचं. चार सदस्यांच्या प्रभागात तर मेहनत चौपट होते, आणि ड्रेनेज तुंबल्यावर चौघांपैकी कुणाला जाब विचारायचा हेही स्पष्ट राहत नाही.

यावर अर्थशास्त्रज्ञांत एकमत नाही. ब्रायन कॅप्लन यांनी २००७ मध्ये म्हटलं की मतदार नुसता अनभिज्ञ नसतो, त्याचे गैरसमज एकाच दिशेला झुकलेले असतात, त्यामुळे एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीने भरून निघत नाही. उलट डोनाल्ड विटमन यांनी १९८९ मध्ये मांडलं होतं की पक्षांची पत, विरोधकांची टीका आणि वर्तमानपत्रं मतदाराचं काम बरंच स्वस्त करतात. मला विटमन यांचं म्हणणं विधानसभेपुरतं पटतं. प्रभागाच्या पातळीवर ती यंत्रणा फार तोकडी पडते.

६. एका मताने काही होत नसेल, तर मतदान कशाला करायचं?

निव्वळ नफा-तोट्याच्या हिशोबाने कुणीच रांगेत उभं राहणार नाही, आणि तरी कोट्यवधी लोक उभे राहतात. हा या सिद्धांताचा सर्वांत उघडा दुबळेपणा आहे. १९६८ मध्ये विल्यम रायकर आणि पीटर ऑर्डेशूक यांनी हिशोबात कर्तव्यभावनेचं समाधान ही बाजू धरली. दुसरं स्पष्टीकरण असं की मत देणं हे सामन्यात आपल्या संघासाठी ओरडण्यासारखं आहे; ओरडून धावा वाढत नाहीत, पण आपण कुणाचे ते सांगता येतं. २०१९ च्या लोकसभेला पुणे मतदारसंघात जेमतेम निम्म्या मतदारांनी मत दिलं. माझे वडील नव्वदीत खुर्चीवर बसून केंद्रावर गेले होते. कुठल्याही सूत्रात ते बसत नाहीत, आणि ते बसत नाहीत यात चूक सूत्राची आहे असं मला वाटतं.

७. मतासाठी पैसे वाटतात तो तर खराच बाजार झाला! दोघं राजी असतील तर अर्थशास्त्राला आक्षेप का असावा?

कारण सौदा दोघांचा असला तरी परिणाम तिसऱ्यावर होतो. माझं एक मत निकाल बदलत नाही, म्हणून मी ते स्वस्तात देईन. प्रत्येकाने असाच विचार केला, तर वॉर्डची पाच वर्षं किरकोळ भावात विकली जातील, आणि ज्याने पैसे घेतले नाहीत त्यालाही तोच नगरसेवक मिळेल. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ नुसार मतासाठी लाच हा भ्रष्ट मार्ग आहे.

गुप्त मतदान हा या सौद्यावरचा जुना उतारा. पैसे घेऊनही कुणाला मत दिलं ते सिद्ध करता येत नसेल, तर देणाऱ्याची हमीच जाते. मात्र मतमोजणी यंत्रागणिक होत असल्यामुळे कुठल्या केंद्रावर किती मतं पडली हे कळतं. एकेक माणूस लपतो, वस्ती लपत नाही. म्हणूनच सौदे आता वस्तीशी, मंडळाशी, सोसायटीशी होतात: पेव्हिंग ब्लॉक, बाकडी, कमान.

८. थोड्याच लोकांचा फायदा असलेली धोरणं लोकशाहीत टिकतात कशी?

संख्येपेक्षा संघटना जड ठरते म्हणून. १९६५ मध्ये मॅन्सर ऑल्सन यांनी हे नेमकं मांडलं. एखाद्या निर्णयाने शंभर जणांना प्रत्येकी लाखाचा फायदा होणार असेल आणि कोटी लोकांना प्रत्येकी दहा रुपयांची झळ बसणार असेल, तर शंभर जण मुंबईला खेटे घालतील, दहा रुपयांसाठी कुणी रजा काढणार नाही. शिवाय मोठ्या गटात प्रत्येकाला वाटतं की दुसरा कुणी भांडेल, आपण आयत्या पिठावर रेघोट्या ओढू.

असा फायदा मिळवण्यासाठी जी धडपड आणि खर्च होतो, त्याला रेंट-सीकिंग म्हणतात. हा शब्द ॲन क्रूगर यांनी १९७४ मध्ये रूढ केला, आणि त्यांचं एक मुख्य उदाहरण भारताचं होतं. आयात परवाने आणि नियंत्रणं यांतून निर्माण होणारा असा आयता नफा १९६४ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के असावा, असा त्यांचा अंदाज होता. तेव्हा हा सिद्धांत ‘तिकडचा’ आहे, इथे लागू नाही, असं म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगते.

आपल्या शहरातलं उदाहरण थोडं वेगळ्या जातीचं आहे. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत मध्यंतरी काढली गेली आणि २०२३ मध्ये परत आली. इथे लाभार्थी मूठभर नाहीत. पण सवलत प्रत्येकाच्या बिलावर छापून येते. त्या पैशातून न झालेली जलवाहिनी कुठल्याच बिलावर दिसत नाही. भाडेकरूला तर बोलायला जागाच नाही. मी स्वतः ही सवलत घेते, म्हणून हे लिहिणं मला आवश्यक वाटतं.

९. पण मग कांदा उत्पादकांचं काय? ते कमी, खाणारे जास्त, तरी नुकसान उत्पादकांचंच!

प्रश्न अगदी मार्मिक आहे, चाकणच्या एका विद्यार्थ्याने विचारला होता. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली ती मे २०२४ पर्यंत राहिली. ऑल्सन यांच्या तर्काने उत्पादक जिंकायला हवे होते.

दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, कांद्याचा भाव कळायला अभ्यास लागत नाही, तो दर आठवड्याला पिशवीतच कळतो. प्रश्न ५ मधलं अज्ञान इथे नसतंच. १९९८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत महागलेल्या कांद्याने सत्ताधारी पक्षाची काय गत केली ते प्रत्येक पक्षाला आठवतं. दोन, उत्पादक कमी असले तरी विखुरलेले आहेत. ऊस उत्पादक कारखान्याचा सभासद असतो. त्याला सर्वसाधारण सभा आहे, संचालक आहेत, आमदार आहे. कांदेवाला बाजार समितीत आपली ट्रॉली घेऊन एकटा उभा असतो. ऑल्सन यांचा भर ‘थोडे’ या शब्दावर दिसतो, पण खरा मुद्दा ‘संघटित’ हा आहे.

आणि शेवट अजून बाकी आहे. २०२४ च्या लोकसभेत कांदापट्ट्यातल्या दिंडोरी आणि नाशिक या दोन्ही जागा केंद्रातल्या सत्ताधारी आघाडीने गमावल्या. कारणं अनेक असणार, पण संघटना नसलेल्यांच्या हातातही एक दिवस असतो.

१०. दुकान आवडलं नाही तर दुसऱ्यात जातो. सरकार आवडलं नाही तर?

१९७० मध्ये अल्बर्ट हर्शमन यांनी दोन वाटा सांगितल्या: निघून जाणं किंवा आवाज उठवणं. १९५६ मध्ये चार्ल्स टीबू म्हणाले होते की लोक पायांनीही मत देतात. जिथे कर आणि सोयी पटतात त्या गावी राहायला जातात. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत घर घेताना ‘तिकडचे रस्ते बरे’ म्हणणारे हेच करत असतात. पण ही वाट घर बदलण्याची ऐपत असणाऱ्यांची. कचरा डेपोशेजारच्या माणसाला घराचा भावच येत नाही, तो कुठे जाणार? पुण्याचा कचरा झेलणाऱ्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीची माणसं वर्षानुवर्षं आवाजच उठवत राहिली. पुढे दोन्ही गावं महापालिकेत आली, आणि २०२४ मध्ये त्यांना वगळून वेगळी नगरपरिषद करण्यात आली. माणसं जागच्या जागी राहिली, हद्दच निघून गेली.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेलं सभागृह नव्हतं, प्रशासक होते. त्या काळात दुकान एकच होतं आणि गिऱ्हाइकाला विचारायची तारीखही ठरलेली नव्हती. बाजाराच्या भाषेत ही मक्तेदारी. कामं होत होती की नव्हती, हा मुद्दा त्यानंतरचा.

११. पक्षचिन्ह म्हणजे ब्रँड का?

बऱ्याच अंशी हो. प्रश्न ५ मध्ये मी चिन्ह पाहून बटण दाबल्याचं सांगितलं, ते याचंच उदाहरण. म्हणून पक्ष फुटला की भांडण चिन्हावर येतं. धनुष्यबाण आणि घड्याळ कुणाचं, हे निवडणूक आयोगाला २०२३ आणि २०२४ मध्ये ठरवावं लागलं. फरक असा की डबा उघडल्यावर आत दुसराच माल निघाला, तर ग्राहक आयोग आहे. निवडून आल्यावर पक्ष बदलणाऱ्याविरुद्ध १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आहे, पण त्यात निकाल मतदाराच्या हातात नसतो. निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांकडे असतो.

१२. ‘नोटा’ (वरीलपैकी कुणीही नाही) म्हणजे काही न घेता दुकानातून बाहेर पडणं ना?

दुकानातून रिकाम्या हाताने आलं तर पैसे खिशात राहतात. लोकसभा-विधानसभेत ‘नोटा’ दाबलं तरी कुणीतरी निवडून येतोच आणि तो तुमचाही प्रतिनिधी असतो. आपल्या राज्यात स्थानिक निवडणुकांपुरता मात्र नियम निराळा आहे: २०१८ च्या राज्य निवडणूक आयोगाच्या आदेशानुसार ‘नोटा’ला सर्वाधिक मतं मिळाली तर फेरनिवडणूक होते.

१३. हे सगळं वाचून वाटतं की सरकारकडून काढून सगळं बाजारावर सोडावं. तुमचाही हाच निष्कर्ष आहे का?

नाही, आणि इथे मला सर्वांत जास्त आग्रहाने बोलायचं आहे. राजकारणाची ही चिकित्सा रुजवणाऱ्यांपैकी जेम्स ब्युकॅनन (नोबेल १९८६) सरकारला मर्यादा घालण्याच्या बाजूचे होते, हे खरं. पण सरकार चुकतं म्हणून बाजार बरोबर ठरत नाही. दोन्ही अपुऱ्या व्यवस्था शेजारी ठेवून प्रत्येक बाबीत कोण कमी चुकतं, हे पाहावं लागतं.

१९७२ चा दुष्काळ घ्या. ज्याच्याकडे पैसाच उरला नाही, त्याची भूक बाजाराला ऐकू येत नाही, कारण बाजारात मागणी म्हणजे पैशासह मागणी. मत मात्र त्याच्याकडे होतं. राज्यभर दुष्काळी कामं निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख लोक त्यांवर राबत होते. माझी आजी नगर जिल्ह्यात खडी फोडायला जात असे, तिथे खायला मिळणाऱ्या सुकडीची चव तिला शेवटपर्यंत आठवायची. हाल झाले, जनावरं गेली, पण १९४३ च्या बंगालसारखी प्रेतांची रास लागली नाही. अमर्त्य सेन सांगतात ते हेच: निवडणुका आणि मोकळी वर्तमानपत्रं असलेल्या ठिकाणी सत्ताधाऱ्याला उपासमारीकडे डोळेझाक परवडत नाही. रोजगार हमीचा कायदाही याच अनुभवातून आला.

१४. सोसायटीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के संमती पुरते, मग घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश का?

ब्युकॅनन आणि गॉर्डन टुलॉक यांनी १९६२ मध्ये नेमका हाच प्रश्न सोडवला. बहुमताची अट जितकी कमी, तितकी आपल्यावर नको असलेला निर्णय लादला जाण्याची भीती जास्त. अट जितकी कडक, तितकी सगळ्यांना राजी करण्याची दगदग जास्त, आणि शेवटचा माणूस अडून बसण्याची शक्यताही. या दोन खर्चांची बेरीज सर्वांत कमी जिथे होईल, तिथे अट ठेवावी. म्हणजे ५१ या आकड्यात पवित्र असं काही नाही. मूलभूत हक्कांना हात लागणार असेल तर लादल्या जाण्याची किंमत प्रचंड, म्हणून तिथे एकूण सदस्यांचं बहुमत आणि शिवाय उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश.

२०१९ च्या शासन निर्णयाने पुनर्विकासाची अट ५१ टक्क्यांवर आली ती दगदग कमी करण्यासाठी. प्रभात रस्त्यापासून सहकारनगरपर्यंत एकेका सभासदामुळे रखडलेल्या इमारती पाहिल्या की ते समजतं. पण उरलेल्या ४९ मध्ये पंच्याहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या बाई असतात. तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची म्हणजे शेजार, डॉक्टर आणि दूधवाला सोडायचा. परतेन की नाही याची त्यांना खात्री नसते. त्यांची किंमत टक्केवारीत येत नाही. आमच्या इमारतीत अशा दोघी आहेत. करारात त्यांना त्याच गल्लीत भाड्याची जागा मिळावी असं कलम घालायला आम्हाला चार सभा लागल्या, आणि पाचवी येत्या रविवारी आहे.